टपालाच्या थैलीतील हेर



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकांतील घुसखोरीविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न यंत्राचा आहे तितकाच विश्वासाचा आहे. आणि विश्वास ही आमच्या शास्त्राने सदैव गृहीत धरलेली, पण ताळेबंदात क्वचितच मांडलेली गोष्ट होय.

ईमेल पाठविण्याचे नियम, ज्यांना एसएमटीपी म्हणतात, ते जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या काळी जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. म्हणून पत्र देणाऱ्या यंत्राने आपले नाव सांगावे आणि घेणाऱ्याने ते खरे मानावे, एवढ्यावर व्यवहार चाले. पुढे ओळख पटविण्याच्या तरतुदी जोडल्या गेल्या. पाया मात्र तोच राहिला.

एखाद्या कार्यालयाच्या संगणकात शिरलेल्या घातक प्रणालीला दोन गोष्टींची निकड असते : धन्याचे हुकूम मिळणे आणि चोरलेला माल बाहेर धाडणे. अनोळखी पत्त्याशी तिने संधान बांधले तर पहारेकऱ्याला संशय येतो. म्हणून ती टपालाच्या थैलीत बसते. ज्या दारातून रोज हजार माणसे जातात, त्यातून गेलेला एक हजार एकावा कोणाच्या ध्यानी येणार?

जर्मनीच्या परराष्ट्र खात्यात हेच घडले. हे हेर तेथील प्रशासकीय शिक्षण देणाऱ्या एका केंद्रीय महाविद्यालयाच्या जाळ्यातून आत शिरले आणि २०१७ चा बहुतेक काळ आत राहिले. ‘इसेट’ या संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांची पद्धत उघड केली. हुकूम येत ते पत्राला जोडलेल्या पीडीएफ फाइलीत दडून, आणि चोरलेली कागदपत्रेही तशाच फाइलींतून बाहेर जात. या टोळीला ‘टुर्ला’ म्हणतात. ती रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेचीच शाखा आहे, असे अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२३ मध्ये जाहीर केले.

याच टोळीची पुढची करामत २०१९ मध्ये प्रकाशात आली. येथे हेर एखाद्या कारकुनाच्या संगणकात नव्हे, तर साक्षात टपालघरात, म्हणजे मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरमध्येच बसला होता. नको असलेली पत्रे गाळण्यासाठी तेथे जोडप्रणाली बसविता येतात; त्याच सोयीचा त्याने आश्रय घेतला. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र तो वाचू शके, बदलू शके, अडवू शके. त्याला मिळणारे हुकूम साध्या छायाचित्राच्या पोटातही लपलेले असत. शिवाय त्याच्या फाइली नुसत्या पुसून टाकल्या, तर साऱ्या कार्यालयाचे टपालच बंद पडे! परजीवी कसा असतो, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

आता सरकारे म्हणतील की सर्वांची पत्रे उघडूनच पाहावी लागतील. पत्रे उघडण्याचा मोह आपल्याकडे जुनाच आहे. १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. २०२३ च्या टपाल कायद्यात मात्र तो अधिकार आहे, आणि ईमेलपुरता तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमात आहे. वस्तुतः ज्याचा हुकूम चित्राच्या ठिपक्यांत आहे, तो नागरिकांचा मजकूर वाचून सापडत नाही. तो सापडतो टपालघराच्या हिशेबात. सर्व्हरला कोणत्या जोडप्रणाली लावल्या आहेत, त्या कोणी व केव्हा लावल्या? कार्यालयाचे टपालघर वगळून कोणता संगणक टपालाच्या मार्गाने थेट बाहेर बोलतो आहे? हे काम कंटाळवाणे आहे, लेखापरीक्षकाच्या जातीचे आहे. त्याला रोज तेथे बसणारा, पगारी, जबाबदार माणूस लागतो. आपण तेच काम कंत्राटावर देऊन मोकळे होतो.

मी ज्या छोट्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो, तेथे हा दुसरा प्रश्न मी एकदा बैठकीत विचारला. टपाल तिकिटांची नोंदवही लगेच समोर आली. माझ्या प्रश्नाचे उत्तर यायला तीन आठवडे लागले. उत्तर होते : सगळेच संगणक.