चैत्रातलं अंगण



मार्च संपत आला की आपल्या सगळ्यांच्या गटांची दप्तरं बाहेर निघतात. बचत किती, कर्ज किती, व्याज कुणाकडून यायचं राहिलं, एकेक आकडा जुळवत बसायचं. बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. घरचं वर्ष मात्र पाडव्याला बदलतं. सकाळी गुढी उभारतो, कडुलिंबाचा पाला तोंडात टाकतो, संध्याकाळी गुढी उतरवली की झालं. जुन्या बायका नव्या वर्षाचं स्वागत असं एका दिवसात उरकत नव्हत्या. त्यांचं ते महिनाभर चालायचं, रोज थोडं थोडं, अंगणात. आज त्या चैत्रांगणाबद्दल बोलायचं आहे.

पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर माहेरी येते असं मानतात. अक्षय तृतीयेपर्यंत तिचा मुक्काम. आत देवघरात तिला झोपाळ्यात बसवतात आणि दारात तिच्यासाठी चैत्रांगण काढतात. मधे झोपाळ्यातली गौर, वर सूर्य आणि चंद्र. भोवती शंख, चक्र, गदा, कमळ, स्वस्तिक, गोपद्म, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गाय-वासरू, हत्ती, मोर. शिवाय बाईमाणसाच्या रोजच्या वस्तू: फणी, आरसा, हळदी-कुंकवाचा करंडा. चिन्हं कुणी ५१ सांगतं, कुणी ६४. आम्ही कधी मोजत बसलो नाही. जेवढी आठवतात तेवढी काढावीत.

यातली खरी गंमत आम्हाला वाटते ती ही, की आज काढलेलं उद्या सकाळी सड्याबरोबर जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी झोपाळा वाकडा होतो, कासवाचा बेडूक होतो. आठ-दहा दिवसांनी चिमटीतून पीठ सारखं सुटायला लागतं. वीस दिवसांनी हात आपणच वळतो. आमच्या गटात दोघी अंगठा उठवायच्या. सहीसाठी पाटी दिली की हात आखडायचा. त्यांना आम्ही म्हटलं, जिला एका रेघेत शंख काढता येतो तिला आपलं नाव काय जड आहे? आज त्या पासबुकावर सही करतात.

आता अंगण म्हणजे बऱ्याच ठिकाणी फरशी किंवा कोबा. त्यावर गेरूचा चौकोन एकदा सारवून घ्यावा, रेघ छान उठते. मार्चपासून टँकरची वाट बघणाऱ्या गावांत सड्याला बादली कुठून आणायची? तांब्याभर पाणी हाताने शिंपडलं तरी पुरतं. रांगोळीचे छाप आणि स्टिकर मिळतात, दिवाळीच्या घाईत आम्हीही वापरतो. चैत्रात मात्र हातानेच काढावं, असं आमचं मत. छापाने हात काही शिकत नाही.

आता जे बोलायचं म्हणून आलो ते. आमच्या गटात काही जणी एकट्या आहेत, नवरा गेलेला. त्यातल्या एकीचं अंगण रोज झाडलेलं, सडा टाकलेला, पण चैत्रात त्यावर एक रेघ नसायची. चैत्रगौरीचं हळदी-कुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं गल्लीत व्हायचं आणि ती त्या दिवशी मुद्दाम शेतावर जायची. कुणी तिला अडवलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ते आम्ही बैठकीत वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ठराव कागदावर असतो आणि अंगण रस्त्यावर असतं. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण बघतो.

मग आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "गौर माहेरी येते म्हणता ना? माहेरी म्हणजे आईकडे. आई एकटी राहिली म्हणून लेक यायची थांबते का?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. एकीने पदर डोळ्याला लावला.

त्या वर्षी ती मैत्रीण परसदारी काढायला लागली. फक्त तुळस आणि गाय-वासरू. पुढच्या चैत्रात पुढच्या दारी, झोपाळ्यासकट. गल्लीत कुजबुज झाली, तिच्या जावेने दोन दिवस अबोला धरला, मग तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, तुझा मोर चांगला येतो, मला दाखव. आता हळदी-कुंकवाची थाळी आम्ही मधे ठेवतो. ज्या बाईला लावायचं तिने आपल्या हाताने लावावं. डाळ आणि पन्हं सगळ्यांना.

सगळ्या जणी आल्यात असं नाही. दोघी अजून चैत्रात दार लोटून घेतात. त्यांना आम्ही काही बोललेलो नाही, ज्याचा त्याचा वेळ असतो. यंदा गटाने रांगोळी एकत्र आणली आहे. पुड्या बांधताना त्या दोघींच्याही बांधल्या, आणि पाडव्याआधी नेऊन द्यायच्या आहेत.