तरुण संशोधक आणि कृत्रिम अवयव



कृत्रिम अवयव आणि अवयवांचे पुनर्जनन या क्षेत्रात आयुष्य वेचू इच्छिणाऱ्या तरुणाने आरंभ कोठून करावा, असे आपण मला विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर मी एका डॉक्टराच्या उदाहरणाने देणार आहे.

1938 साली हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील रुग्णालयात विलेम कोल्फ हे 27 वर्षांचे डॉक्टर काम करीत होते. मूत्रपिंडे निकामी झालेला 22 वर्षांचा एक तरुण त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावला, आणि ती वार्ता त्याच्या आईला सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. रक्तात साचणारा युरिया रोज थोडा थोडा काढता आला असता तर हा मुलगा जगला असता, या विचाराने त्यांना घेरले. त्यांच्या संशोधनाचा उगम येथे आहे.

पुढे हॉलंड जर्मनीच्या ताब्यात गेले. कोल्फ कांपेन या लहान गावातील रुग्णालयात आले आणि तेथे एका स्थानिक कारखानदाराच्या साहाय्याने 1943 साली त्यांनी आपले यंत्र उभे केले. सॉसेज नावाच्या मांसाच्या पदार्थावर चढवितात ती सेलोफेनची नळी त्यांनी एका आडव्या पिंपाभोवती गुंडाळली. पिंपाचा खालचा भाग क्षारयुक्त पाण्यात बुडालेला असे. पिंप फिरू लागले की नळीतील रक्तातला युरिया सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यात उतरे. रक्तपेशी आणि प्रथिने आकाराने मोठी असल्यामुळे आतच राहत. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन वापरले जाई. अपोहन, म्हणजेच डायलिसिस, ते हेच.

परंतु पहिल्या पंधरा रुग्णांपैकी एकाचेही प्राण यंत्रामुळेच वाचले, असे कोल्फ यांना खात्रीने म्हणता येईना. असे असता पुढच्या रुग्णाला हात लावण्याचा अधिकार त्यांना होता काय? मला वाटते, होता. कारण त्या रुग्णांपुढे दुसरा उपाय उरला नव्हता, आणि कोल्फ यांनी आपले अपयश लपविले नाही. 1944 साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले.

सप्टेंबर 1945 मध्ये 67 वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेत त्यांच्याकडे आणली गेली. शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून ती कैदेत होती आणि गावात तिच्याविषयी तिरस्कार होता. कोल्फ यांनी तिच्यावर उपचार केले. कित्येक तासांच्या अपोहनानंतर ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तिची मूत्रपिंडे यंत्राने दुरुस्त केली नाहीत. ती आपली आपण सावरली. यंत्राने तेवढा अवधी मिळवून दिला.

सर्वच रुग्णांच्या बाबतीत असे घडत नाही. आकस्मिक आघातानंतर मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी पुन्हा वाढू शकतात. पण जन्मानंतर मूत्रपिंडात नवे गाळणी-एकक, म्हणजे नेफ्रॉन, तयार होत नाही. म्हणून जुनाट विकाराच्या रुग्णाला, मूत्रपिंडरोपण न झाल्यास, जन्मभर यंत्राशी बांधून राहावे लागते. आपल्या देशात 2016 साली गरिबांसाठी विनामूल्य अपोहनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला, यावरून या ओझ्याची कल्पना यावी.

यंत्र जेथे थांबते तेथून पुनर्जननशास्त्राचे काम सुरू होते. 2006 साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखे रूप दिले, आणि पुढील वर्षी मानवी पेशींच्या बाबतीतही ते साधले. अशा पेशींपासून मूत्रपिंडाच्या इवल्या प्रतिकृती प्रयोगशाळेत वाढविता येतात. मात्र त्यांना रक्त कसे पुरवावे आणि त्यांत तयार होणारे मूत्र बाहेर कसे न्यावे, हे प्रश्न अद्याप पुरते सुटलेले नाहीत. ते आता आपल्या पिढीकडे आले आहेत.

तेव्हा आरंभ कोठून करावा? रुग्णाच्या खाटेपासून. एखादा रुग्ण मरताना पाहून जो प्रश्न मनात रुतून बसेल, तो घेऊन प्रयोगशाळेत जा. अपयश आले तर ते लिहून ठेवा, आणि पुन्हा त्या खाटेकडे परत या.