दाखला नंतर, मदत आधी
(गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि आता मुलांच्या नाचगाण्याआधी आम्हाला अर्धा तास बोलायला मिळाला आहे. आम्ही म्हणजे मंडळाच्या आरोग्याच्या कामातले चार-पाच जण. आमच्यात कोणी निवृत्त शिक्षिका आहेत, कोणी दवाखान्यात काम केलेल्या आहेत, कोणी स्वतः उशिरा बोललेल्या मुलाचे आईवडील आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आपल्या लोकांच्या घरी गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "पोरगं तीन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. याला अपंगाचा दाखला मिळेल का? दाखला नसला तर कोणी मदत करेल का?" आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे अशा मुलासाठी सरकारी मदतीचे दोन दरवाजे आहेत. एक तपासणीचा आणि दुसरा दाखल्याचा. तपासणीच्या दरवाजावर दाखला कोणी मागत नाही. मूल वयाच्या मानानं कमी बोलतं एवढं कारण पुरतं. दाखल्याच्या दरवाजाचे नियम वेगळे आणि कडक आहेत. लोक या दोन्हींची गल्लत करतात. कोणी दाखला मिळणार नाही म्हणून तपासायलाच जात नाही, तर कोणी पोरावर शिक्का बसेल या भीतीनं जात नाही. दोन्हीकडे नुकसान मुलाचंच होतं.

पहिला मुद्दा, किती उशीर म्हणजे उशीर? प्रत्येक मूल थोडं पुढंमागं असतं हे खरं. पण काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. वर्षाचं झालं तरी मूल बाबा-दादा-मामा असे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. तीन वर्षांचं झालं तरी घराबाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं बहुतेक कळतच नाही. यातलं काहीही दिसलं तर दाखवायला न्यावं. आणि आधी येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, तर वय कितीही असो, एक दिवससुद्धा थांबू नये.

घरात मात्र आपण थांबतो. आजी म्हणते, "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला." कोणी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगतं. कोणी सांगतं, जीभ खाली चिकटली आहे, कापून आणा. आजीचा अनुभव खोटा नसतो. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि पुढं सगळ्यांच्या बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे घरी बसून ओळखता येत नाही. जीभ चिकटलेली असेल तर एखाददुसरा उच्चार अडेल, पण त्यामुळं मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. राहिला नवस. तो बोलावा, पण तपासणीही त्याच आठवड्यात करावी.

समोर गणपती बसला आहे. त्याचं तोंड सोंडेआड, कान मात्र सुपाएवढे. बोलण्याचंही तसंच आहे, आधी कान. म्हणून उशिरा बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानांची. "कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" असं आई सांगते. पण मोठे आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि त्याला सगळं बोलणं दबल्यासारखं ऐकू येतं. हे औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं. कानाच्या तपासण्या आता मूल झोपेत असतानाही होतात. ओएई आणि बेरा ही त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्यांत मुलाला बोलावं लागत नाही की दुखत नाही.

यात वेळेला किती किंमत आहे पाहा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्याचा खर्च काही लाखांत जातो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून तो होऊ शकतो. त्याला उत्पन्नाची अट आहे आणि वयाचीही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ती पाच वर्षांपर्यंत आहे. कारण असं की मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या काही वर्षांतच आवाजाला सरावतो, मग त्याची शिकण्याची ताकद कमी होत जाते. "बोलेल हळूहळू" म्हणत साडेपाच वर्षं काढली, तर योजना असूनही हातची जाते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण याच विषयात काम करते आणि इम्प्लांटच्या या योजनेचं कामही तिच्याकडे आहे. सुरतहून वांद्र्याला थेट गाड्या आहेत. मराठीतून बोलणारे तज्ज्ञ हवे असतील त्यांनी ती वाट लक्षात ठेवावी.

आता आपल्या सुरतेचा खास प्रश्न. आपल्या घरात मराठी, खानदेशातून आलेल्यांच्या घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, आंगणवाडीत गुजराती आणि नर्सरीत इंग्रजी. लोक आम्हाला विचारतात, "एवढ्या भाषांमुळं पोरगं गोंधळलं का?" नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मुकं राहत नाही. दोन भाषांतलं मूल कधी शब्दांची सरमिसळ करतं, ती सवय असते, दोष नव्हे. मात्र मोजताना चूक होते. मूल घरी "मांजर" म्हणतं, शेजारी "बिल्ली", आंगणवाडीतून निघताना "आवजो". हे तीन शब्द आहेत. फक्त गुजरातीतले शब्द मोजले तर ते मूल मागं पडलेलं वाटेल, आणि फक्त मराठीतले मोजले तरी तसंच. म्हणून तपासायला जाताना घरच्यांनी वहीत लिहून न्यावं की मूल कोणत्या भाषेत कोणते शब्द बोलतं आणि काय सांगितलं की त्याला कळतं. आणि उलटही ध्यानात ठेवा. सगळ्या भाषा मिळूनही शब्द कमीच असतील तर "सुरतेत असंच होतं" म्हणून सोडून देऊ नका. "घरात मराठी बंद करा" असा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नका. आईला ज्या भाषेत मनमोकळं बोलता येतं, तीच मुलाशी बोलायची सर्वांत चांगली भाषा.

आता पहिला दरवाजा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. गुजरातेत लोक त्याला शाळा आरोग्य तपासणी म्हणून ओळखतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. सुरुवातीला त्यात ३० आजार आणि दोष तपासायचे ठरले आणि भाषेतला विलंब त्या यादीत स्वतंत्र लिहिलेला आहे. डॉक्टरांच्या पथकानं आंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, ज्याला डीईआयसी म्हणतात. तपासणी आणि उपचार मोफत. इथं कोणी दाखला मागत नाही.

त्याशिवाय २८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी आंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. विलंबाची खूण लवकर ओळखणं, मुलाला इतरांबरोबर सामावून घेणं आणि आशाताई, नर्स व तपासणी पथकाच्या मदतीनं पुढं पाठवणं, अशा तिच्या पायऱ्या आहेत. म्हणजे आंगणवाडीच्या बेनला "माझं मूल बोलत नाही, पथक आलं की दाखवा" असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. ममता कार्डावर वाढीच्या खुणा छापलेल्या असतात, ते कार्ड फेकू नका.

अडचण आहे ती खासगी नर्सरीतल्या मुलांची. तिथं हे पथक जात नाही, म्हणून मार्केटमध्ये नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय घरातलं मूल कधी कधी गरीब घरातल्या मुलापेक्षा उशिरा सापडतं. अशा पालकांनी थेट नवी सिव्हिल किंवा स्मीमेरच्या बालरोग आणि कान-नाक-घसा विभागात जावं. खासगी स्पीच थेरपिस्टकडे जाणार असाल तर एक गोष्ट जरूर विचारा, भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक. १९९२ च्या कायद्यानं ही नोंदणी सक्तीची आहे. पाटी लावली म्हणजे थेरपिस्ट झाला असं नसतं.

दुसरा दरवाजा दाखल्याचा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि वाचा व भाषेचं अपंगत्व त्यांत आहे. पण त्याची व्याख्या नीट ऐका. स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूला इजा होऊन भाषा जाणं, अशा शारीरिक कारणांनी आलेलं कायमचं अपंगत्व त्यात धरलं आहे. तीन वर्षांचं मूल नुसतं उशिरा बोलतं, तर ते या व्याख्येत बसत नाही. त्याला दाखला नाकारला तर वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टरांचं मत इतकंच आहे की हे कायमचं आहे असं आज म्हणता येत नाही. मात्र उशिरा बोलण्यामागे ऐकू न येणं, स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व निघालं, तर त्या कारणाचा दाखला मिळू शकतो. तेव्हा तो जरूर घ्यावा आणि यूडीआयडी कार्ड काढावं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

आणि आता खरी दुखरी जागा. या कायद्याचा मोफत शिक्षणाचा हक्क ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आहे. गुजरातेत २०२३ पासून पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी बालवाटिका. म्हणजे तीन ते सहा ही वर्षं, ज्यांत मदतीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, त्यांत उशिरा बोलणाऱ्या मुलाला शाळेत विशेष शिक्षण मिळण्याचा हक्क कायद्यानं बांधलेला नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. नर्सरीत सांगितलं, "पहले बोलना सिखाओ, फिर लाओ." आई घरी येऊन रडली. मूल कानांनी चांगलं होतं, समज चांगली होती, त्याला फक्त बरोबरीची मुलं आणि थोडी थेरपी हवी होती. दाखला नाही म्हणून कायदा दाखवता येईना आणि बोलता येत नाही म्हणून प्रवेश मिळेना. शेवटी ते आंगणवाडीत गेलं आणि तिथल्या मुलांत रमलं.

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना तिथली पद्धत ठाऊक असेल. १९७५ च्या कायद्यात १९८६ साली दुरुस्ती झाली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांनाही विशेष शिक्षणाचा हक्क मिळाला. पालकांनी सरकारी शाळेच्या कार्यालयाला पत्र दिलं की तपासणी मोफत होते, मुलाच्या भाषेत होते आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. तिथं नुसत्या बोलण्याच्या अडचणीवरही मूल पात्र ठरू शकतं. आपल्याकडे २०१८ पासून समग्र शिक्षा योजना पूर्व-प्राथमिक ते बारावीपर्यंत आहे आणि विशेष शिक्षकांची सोयही तिच्यात आहे. ती सोय तीन वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचावी, ही मागणी आपण नगरसेवकांकडे आणि शिक्षण समितीकडे करायला हवी. आपल्या पालिकेच्या शाळा मराठीसह सात माध्यमांत चालतात. मग मुलाची तपासणीही त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, हे मागणं काही जास्त नाही.

तोवर घरी काय करावं? मोबाईल बाजूला ठेवा. दोन वर्षांच्या आत अजिबात नको आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. भाकरी थापताना, भाजी निवडताना, आंघोळ घालताना मुलाशी बोला. त्यानं "पाणी" म्हटलं की तुम्ही "थंड पाणी हवं?" असं एक शब्द वाढवून म्हणा. त्यानं बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका, थोडं थांबा, त्याला आवाज काढायला वेळ द्या. आणि पाहुण्यांसमोर "बोल ना, बोल ना" म्हणून त्याला उभं करू नका.

शेवटी मंडळाकडे एक मागणी. दरवर्षी आपण रक्तदान शिबिर घेतो. त्याच मांडवात एक दिवस सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या कानांची आणि बोलण्याची तपासणी ठेवावी. आणि ज्यांना गुजराती लिहितावाचता येतं अशा चार जणांनी नाव द्यावं. नव्यानं आलेल्या कुटुंबाबरोबर सिव्हिलला जायचं, केसपेपर काढून द्यायचा, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या भाषेत समजावून सांगायचं, एवढंच काम आहे. कित्येक आया केवळ खिडकीवर काय विचारायचं ते न कळल्यानं परत येतात. आम्ही पाच जण आहोत, आणखी हात हवे आहेत. कार्यक्रम संपला की डाव्या बाजूच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिथं नाव लिहा. आणि घरात असं मूल असेल तर तिथंच येऊन बोला, सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.

गणपती बाप्पा मोरया!