ऊब दिसते, जनावर नव्हे



रोही आणि रानडुकरांपायी कपाशी-ज्वारीची जागल आपल्या पाचवीला पुजलेली. आता मुठीत मावणारी, एका डोळ्याने बघायची थर्मल दुर्बीण निघाली आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये रात्री डुकरांच्या शिकारीला ती वापरतात. विकणारा सांगेल, "अर्ध्या किलोमीटरवरचे डुक्कर दिसते." हिशेब मांडून बघू.

ही दुर्बीण उजेड नव्हे, अंगातून निघणारी उष्णता टिपते. म्हणून अमावस्येलाही चालते. चित्र बनते ठिपक्यांचे. भिंग १० मिलिमीटरचे आणि आतला ठिपका १२ मायक्रॉनचा असेल, तर १०० मीटरवर एका ठिपक्यात १२ सेंटिमीटर जागा येते, ५०० मीटरवर ६० सेंटिमीटर. म्हणजे तिथले डुक्कर दोन-तीन ठिपक्यांचे. आणि धुऱ्यावर वाकून बसलेला जागल्या? तोही तेवढ्याच ठिपक्यांचा!

दाट ज्वारीआडचे तिला दिसत नाही. उन्हात तापलेला दगड मात्र रात्रीही चमकतो.

म्हणून ही वस्तू जागलीची, बंदुकीची नव्हे. रोही, रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात. परवानगीशिवाय मारणे गुन्हा आहे. परवानगी असली तरी नुसत्या ठिपक्यावर गोळी नाही. आधी हाक द्या.

घ्यायचीच तर चार धुरेकऱ्यांनी मिळून घ्या. पैसे देण्याआधी रात्री शेतात माणूस उभा करून बघा. तो माणूस म्हणून ओळखू येईल, तेवढीच तिची खरी नजर.

गेलेले कणीस पुढच्या साली येईल. गेलेला माणूस येत नाही.