पाण्याचा मीटर आपणच वाचू या

मंडळी, आमच्या घरच्या नळाला नवा मीटर बसला. महिन्याने पाण्याचे बिल आले. आठ युनिटचे! आम्ही मीटर पाहिला आणि म्हटलं, "अहो, इथं तर चारच आहेत. दुप्पट लावले की!" तावातावाने भांडायला निघालो. तेवढ्यात नात हसली. म्हणाली, "आजोबा, तो आपला चार नव्हे, इंग्रजी आठ आहे."

खरंच की! मीटरवरचे आकडे इंग्रजी वळणाचे. त्यातला आठ आपल्या ४ सारखा दिसतो. आम्ही नुकतेच वाचायला शिकलेलो, तिथेच फसलो.

मीटरचे झाकण उघडावे. काच पुसावी. बहुतेक मीटरवर काळे आणि लाल असे दोन रंगांचे आकडे असतात. काळे तेवढे वाचावे. ते पुरे युनिट. एक युनिट म्हणजे १००० लिटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौद भरेल, एवढे पाणी. लाल आकडे सुट्या लिटरचे. ते बिलात सहसा धरत नाहीत.

आठ युनिट म्हणजे आठ हजार लिटर! आमची तर छातीच दडपली. मग हिशेब केला. घरात पाच माणसे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच जणांचे २७५ लिटर. तीस दिवसांचे ८२५० लिटर. म्हणजे बिल बरोबरच होते.

आता दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही काळा आकडा वहीत लिहितो. त्यातून मागचा आकडा वजा करतो. दुसऱ्या महिन्यात १६ आला. १६ वजा ८, उरले ८. तिसऱ्या महिन्यात मात्र ३१! एकदम १५ युनिट. पाहुणे नाहीत, लग्नकार्य नाही. मग पाणी गेले कुठे?

मीटरमध्ये एक बारीक चांदणी असते. थोडे पाणी वाहिले तरी ती फिरते. रात्री घरातले सगळे नळ बंद केले आणि कंदील धरून पाहिले, तर चांदणी आपली फिरतेच आहे! मीटरच्या पुढे, आपल्या बाजूला पाणी गळाले, तर तेही आपल्याच बिलात येते, बरं का.

सकाळी शोध घेतला. गोठ्याकडे जाणाऱ्या नळीचा सांधा जमिनीत गळत होता. म्हशीच्या पायाने तिथे नेहमीच चिखल असे, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. सांधा बदलला. पुन्हा झाकण उघडले. चांदणी थांबली होती.