घोड्याच्या वीर्यातील प्रथिने आणि प्रजननक्षमता

पैदाशीच्या घोड्याच्या वीर्यात शुक्राणूंसोबत वीर्यद्रव असतो. त्यात एचएसपी-१ आणि एचएसपी-२ ही प्रथिने मुबलक असतात. ती शुक्राणूच्या आवरणातील फॉस्फोलिपिडांना चिकटतात आणि फलनापूर्वी त्या आवरणात होणाऱ्या बदलांना हातभार लावतात.

नैसर्गिक संयोगात वीर्य थेट घोडीच्या गर्भाशयात पडते. तेथे जमणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी शुक्राणूंना पकडतात. क्रिस्प-३ हे प्रथिन जिवंत शुक्राणूंचे त्यांच्यापासून रक्षण करते. मृत शुक्राणूंचा निचरा चालूच राहतो.

साठवणीत मात्र वीर्यद्रवाचा दीर्घ संपर्क शुक्राणूंना अपायकारक ठरतो. म्हणून कृत्रिम रेतनासाठी वीर्य गोठवण्यापूर्वी ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून बहुतांश द्रव काढून टाकतात आणि शुक्राणू दूध किंवा अंड्याचा बलक असलेल्या संरक्षक मिश्रणात ठेवतात.