वैशाखातला वारा आणि वेधशाळेचा शब्द



वसंत व्याख्यानमालेत वसंतावर बोलावे असा संकेत आहे. परंतु आपल्या डहाणूकडे वसंत हा पंचांगात जितका असतो तितका अंगणात नसतो. महालक्ष्मीची चैत्री पौर्णिमेची यात्रा उलगडली की आपल्याकडे जो काळ सुरू होतो त्याला उकाडा हेच खरे नाव. अंगाला सदरा चिकटतो, मिठाला पाणी सुटते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, 'पाऊस कधी?' ह्या प्रश्नाला उत्तर देणारी एक संस्था आपल्या देशात १८७५ पासून आहे. तिला आपण लाडाने वेधशाळा म्हणतो आणि तिने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी असा विनोदही करतो. आज मला ह्या विनोदाविषयीच बोलायचे आहे. कारण तो विनोद शहरातल्या माणसाला परवडतो. धाकट्या डहाणूच्या नाखव्याला किंवा तलासरीच्या शेतकऱ्याला तो परवडत नाही.

प्रथम आपले हवामान पाहू. डहाणू जवळजवळ बरोबर वीस अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य अगदी आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. सूर्याचा ताप असा शिगेला पोचलेला असतानाही डहाणूच्या किनाऱ्यावर नागपूरसारखा पारा चढत नाही. ह्याचे श्रेय समुद्राला. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. दुपारच्या सुमारास जमिनीवरची तापलेली हवा वर जाऊ लागते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हाच आपला खारा वारा. रात्री उलटा प्रकार होतो. जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला आपले कोळी बांधव मतलई म्हणतात. पहाटे मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हे शिडाच्या होडीचे वेळापत्रक कोणत्याही कचेरीने छापलेले नव्हते.

आता ह्या खाऱ्या वाऱ्याबरोबर नरपड-चिखल्याहून पूर्वेकडे चला. किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाड्या ओलांडल्या, रूळ ओलांडले आणि महामार्गावर तलासरीला आलो की समुद्र पंधरा-वीस किलोमीटर मागे राहिलेला असतो. वारा येथवर पोचतो, पण उशिरा आणि थकून. म्हणून दुपारी तलासरीत ऊन भाजते, तेव्हा बोर्डीच्या सुरूच्या बनात माणूस केवळ घामाघूम होत असतो. पुढे पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. वैशाखाच्या अखेरीस दुपारनंतर तिकडे काळे ढग चढतात, विजा चमकतात, आणि त्यातला एखादा वळीव खाली उतरून एका पाड्याला झोडपतो व शेजारच्या पाड्याला कोरडा ठेवतो. म्हणजे दोन शेजारच्या तालुक्यांत एकाच दुपारी दोन हवामाने असू शकतात. तलासरी तालुक्याचेच पाहा. झाईला त्याचे पाय समुद्रात आहेत आणि दुसऱ्या टोकाला तो डोंगरात आहे.

वेधशाळेचे पत्रक मात्र म्हणते, 'पालघर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.' आपण ते ऐकतो, आकाशाकडे पाहतो, पाऊस पडत नाही, आणि वेधशाळा खोटी ठरते. परंतु ह्या वाक्यातला 'तुरळक' हा शब्द सजावटीसाठी घातलेला नाही. त्याला मोजमाप आहे. विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी फार तर चौथ्या हिश्शावर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. चौथ्या हिश्शाहून अधिक पण निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. त्याहून अधिक, पाऊण हिश्शापर्यंत, तर 'बऱ्याच ठिकाणी'. तेव्हा तुरळक पावसाचे भाकित झाले आणि चारांतल्या तीन गावांत पाऊस पडला नाही, तर भाकित चुकले असे नाही. ते अक्षरशः खरे ठरले. 'मुसळधार' ह्या शब्दालाही अशीच वजनमापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहून वरची पायरी. रंगांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हात हलवा. सोनाराच्या दुकानात आपण तोळा-मासा समजून घेतो. हवामानाच्या पत्रकात मात्र शब्द वजन न करताच घेतो.

आता 'पाऊस कधी?' ह्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपले वाडवडील रोहिणी आणि मृग मोजीत. मृग नक्षत्र दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागते, कारण ते सूर्याच्या गतीवर बांधलेले आहे. सूर्य वक्तशीर आहे, पाऊस नाही. वेधशाळेच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात काय काय दडलेले असते ते पाहा. २०१९ मध्ये 'वायू' नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रात उठले, गुजरातवर येणार म्हणता म्हणता बाजूला सरकले, आणि मोसमी वाऱ्यांची वाटचाल रेंगाळली. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला. २०२३ मध्येही 'बिपरजॉय' वादळानंतर तारीख आली २५ जून, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी तो दिल्लीतही पोचला. उलट २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. म्हणजे सहा-सात वर्षांत एका महिन्याचे अंतर.

२०२५ ची गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आले, 'मोसमी पाऊस मुंबईत.' मुंबई आपल्याला लोकलच्या अंतरावर, तेव्हा पाऊस आता दारात आलाच असे कोणालाही वाटावे. पण मोसमी पावसाच्या उत्तर सीमेची जी रेषा नकाशावर काढतात, ती मुंबईजवळ येऊन थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ तेथेच राहिली. डहाणू आणि तलासरी त्या रेषेच्या उत्तरेला! मेअखेरच्या सरींवर भुलून भाताचे रोप टाकणाऱ्याने बियाणे मातीत घातले असते आणि आकाशाकडे पाहत बसला असता. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाने त्या वेळी बजावले होते ते ह्याचसाठी. रेल्वे मुंबईहून दोन-अडीच तासांत डहाणूला येते; पाऊस त्या वेळापत्रकाने येत नाही.

आता उन्हाळ्याच्या अखेरचा जो खरा धोका, त्या चक्रीवादळाकडे वळतो. ह्या दिवसांत अरबी समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेले असते आणि वादळ पोसायला साडेसव्वीस अंश पुरतात. मग ऐन पावसाळ्यात वादळे का होत नाहीत? कारण तेव्हा खालचे वारे एका दिशेने आणि उंचावरचे वारे उलट दिशेने इतक्या जोरात वाहतात की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. तो मध्येच मोडतो. मे-जूनच्या संधिकाळात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर हे वारे मंद असतात. म्हणून वादळाचे हंगाम दोन.

२ जून २०२० रोजी वेधशाळेने सांगितले की 'निसर्ग' वादळ हरिहरेश्वर आणि दमण ह्यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, किनारा ओलांडील. हरिहरेश्वर ते दमण ह्या पट्ट्यात आपण येतो. पालघर जिल्ह्यातील किनाऱ्यावरची माणसे हलवण्यात आली. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. रायगड-रत्नागिरीत छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आपण वाचलो. वाचल्यावर आपण काय म्हणतो? 'उगाच घाबरवले!' पण विचार करा. वादळ कोठे येईल हे चोवीस तास आधी सांगताना आजही सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडतो, आणि डहाणू ते अलिबाग हे सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. ह्या शास्त्राची आजची ताकद एवढी आहे, आणि ती थोडी नाही.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' किनाऱ्याला न शिवता मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून गुजरातकडे गेले. वादळ अंगावर आले नाही तरी मुंबईत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत आले. खोल समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. तो आणि वरप्रदा ही टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. गाल कन्स्ट्रक्टर नावाचा दुसरा बार्ज वाहत येऊन आपल्याच पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतला. त्यावरच्या १३७ जणांना सुखरूप काढण्यात आले. वादळाचे आगमन वेधशाळेने आधीच सांगितलेले होते. सांगणे आणि ऐकणे ह्यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात माणसे बुडतात.

एक गोष्ट आपल्या बाजूची विशेष. खंभातच्या आखाताकडे जावे तशी भरतीची उंची वाढत जाते. वादळाने ढकललेले पाणी ओहोटीला आले तर वाळूत जिरते. उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आले तर घरात शिरते. म्हणून वादळाच्या दिवशी वाऱ्याचा वेग विचारण्याबरोबर भरतीची वेळही विचारावी.

तर मग भाकितावर विश्वास ठेवायचा किती? मी म्हणेन, हा प्रश्न श्रद्धेचा नाही, हिशेबाचा आहे. समजा, मांडवावर बोंबील वाळत आहेत. पाऊस आला तर दहा हजारांचे नुकसान. माल काढून झाकायला मजुरीसह पाचशे रुपये. अशी दहा भाकिते झाली आणि प्रत्येक वेळी तुम्ही माल झाकला तर खर्च पाच हजार. त्या दहांत एकच खरे झाले तरी दहा हजार वाचले. नऊ वेळा 'चुकलेली' वेधशाळा तुम्हाला पाच हजारांचा नफा देऊन गेली! उलट भाताचे रोप टाकणाऱ्याने पावसाची खात्री बरीच झाल्यावाचून हात घालू नये, कारण त्याचे नुकसान चुकीच्या होकारात आहे. आणि दर्यावर जाणाऱ्या नाखव्याचा हिशेब तर रुपयांत होतच नाही. भाकित एकच; पण कोळ्याच्या घरी, बागायतदाराच्या घरी आणि वारली शेतकऱ्याच्या घरी त्यावरून निघणारे निर्णय तीन. ते तीन निर्णय दिल्लीत, पुण्यात किंवा कुलाब्याला बसून कोणी घेऊ शकत नाही. ते घरच्यांनीच घ्यायचे असतात.

ह्यात आपणा गावकऱ्यांचेही काम आहे. विजेची सूचना देणारी 'दामिनी'सारखी सोय पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मोबाइलवर दिली. पण ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तेथे ती सूचना कोण नेणार? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजचे पत्रक साध्या मराठीत लिहिले, शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक ठेवून मुलांनी रोज नोंद केली, तर पाच-दहा वर्षांत 'पालघर जिल्हा' ह्या मोघम शब्दाच्या आत आपले गाव दिसू लागेल. डहाणूला वेधशाळेचे केंद्र आहे. डोंगराकडच्या प्रत्येक पाड्याची नोंद तेथून होणार नाही.

आजोबांचे मतलईचे ज्ञान आणि वेधशाळेचे उपग्रह ह्यांत भांडण नाही. आजोबा आकाश पाहून बोलत, आणि शंका असली तर होडी वर ओढून ठेवीत. ती शंका हेच त्यांचे शहाणपण होते. १ जूनला मासेमारी बंद होईल, होड्या किनाऱ्यावर येतील. त्याआधीचे हे थोडे दिवस सर्वांत कमाईचे आणि सर्वांत दगलबाज. ह्या दिवसांत पत्रक आले तर ते हसण्यावारी न नेता, एकदा नीट वाचा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.